बाजेखालची शेगडी

सुवर्णा : आत्या, ही शेगडी कुणी ठेवली इथं?

भागुबाई : मी ठेवली. माझ्या घरात शेगडी पेटवायला आता तुला इचारायचं का?

सुवर्णा : आणि बनियन कुठंय तिचं? सकाळी तिच्या अंगात घालून गेले होते मी!

(नाशिकजवळ, मखमलाबादेतला गोटीरामआबांचा झेंडूचा मळा. साल दोन हजार चार, दसरा तोंडावर आलेला. पडवीत बाज, बाजेवर झिपरी. वर्षाचीही न झालेली कुत्री, परवाच पोटाचं ऑपरेशन झालेली. धाकटी ना थोरली, घरातली एकुलती एक सून सुवर्णा शहरातून तिच्या गोळ्या घेऊन आत्ता कुठे उंबऱ्यात टेकतेय, तर समोर सासू भागुबाई निखाऱ्यांवर ओवा टाकत बसलेली. आता सुवर्णेचं डोकं फिरणार नाही तर काय होणार!)

भागुबाई : बनियन काढून टाकलं. कुत्रीला बनियन! उद्या धोतर नेसवशील. तोडणीच्या बाया दात काढीत व्हत्या नुसत्या.

सुवर्णा : काढू दे दात. ते टाक्यांवर झाकण होतं, आत्या. तिनं चाटू नये म्हणून घातलं होतं. बघा इथं, चाटून चाटून सगळं ओलं करून ठेवलंय. आणि हे पिवळं काय?

भागुबाई : हळद. तेलात कालवून लावली.

सुवर्णा : तेल लावलं? टाक्यांवर?

भागुबाई : मंग काय डोक्यावर लावू?

सुवर्णा : अरे देवा! पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, तेल नको, पावडर नको, काही म्हणजे काही नको. डॉक्टरीणबाईंनी बजावून बजावून सांगितलं होतं. तुमच्यासमोर सांगितलं मी घरी आल्यावर. तुम्ही हो हो म्हणालात!

भागुबाई : हो म्हणलं की तू गप बसतीस, म्हणून म्हणलं. ती डॉक्टरीण काल जन्मली. या आळीतल्या निम्म्या बाळंतिणी मी या बाजेवरून उठवल्यात. जाऊन इचार बायडाबाईला, इचार कुसाबाईला. एकीचं तरी पोट सुटलं का, एकीची तरी कंबर धरली का.

सुवर्णा : पण ती बाळंतीण नाहीये!

भागुबाई : पोट फाडलंय का नाय?

सुवर्णा : फाडलंय, पण…

भागुबाई : टाके हायेत का नाय?

सुवर्णा : आहेत.

भागुबाई : मंग झालं तर. पोटाला टाका पडला की शेक पायजे, धुरी पायजे, डिंकाचा लाडू पायजे. त्याला शाळा शिकावी लागत नाय.

सुवर्णा : लाडू? आत्या, लाडू चारलात तुम्ही तिला?

भागुबाई : अर्धाच. उरलेला तिथं वाटीत हाय.

सुवर्णा : आणि मग?

भागुबाई : मंग काय. ओकली.

सुवर्णा : ओकणारच! पोट अजून ताळ्यावर आलेलं नसतं. पातळ भात द्यायचा, घासभर, बास. तुपातला लाडू कसा पचणार तिला? सरका, सरका तिकडं. आधी ती शेगडी काढा बाजेखालून.

भागुबाई : निखारे आत्ता कुठं धरलेत.

सुवर्णा : काढा म्हणते ना! जीभ बघा तिची, हातभर बाहेर आलीय. धापा टाकतेय बिचारी. अंगावर केस आहेत तिच्या, कुत्रं घाम गाळत नाही आपल्यासारखं. भाजून काढली तुम्ही तिला.

भागुबाई : वरडू नको माझ्यावर. सासू हाय मी तुझी.

सुवर्णा : ओरडत नाहीये. ओरडताच येत नाही, तेच तर दुखणं आहे! तिच्यासमोर मोठा आवाज करायचा नाही. दचकली की उठते, उठली की उडी मारते. म्हणून हळू बोलतेय, नाहीतर आज या पडवीत काय झालं असतं ते तुम्हीच बघितलं असतं. नीज गं झिपरे, नीज. काही नाही झालं. आजीनं शेक दिला होय? शहाणी आहे आजी. लय शहाणी.

भागुबाई : टोमणे हळू मारले तरी कळत्यात मला.

सुवर्णा : आणि बाजेवर का चढवली? मी खाली गोणपाटावर ठेवली होती, चारी बाजूंनी कॅरेटं लावून. हलू नये म्हणून. बाजेवरून उडी टाकली असती म्हणजे? टाके उसवून आतडं बाहेर आलं असतं, मग काय त्यालाही हळद लावणार होता?

भागुबाई : शुभ बोल नारी. जमिनीची ओल लागती पोटाला. मी धरून बसले व्हते तिला. एक घटकाभर उठले नाय मी. तोडणी टाकून बसले. तू गेली व्हती शहरात, तुला काय म्हाईत. कण्हत व्हती पोर सारखी. पाय असा पोटाशी घ्यायची आन माझ्याकडं बघायची. नाय बघवलं मला. बाज काढली माळ्यावरून.

सुवर्णा : …एकटीनं काढली?

भागुबाई : मंग कोण येतंय मदतीला? सगळे झेंडूत. बाज उलटी पडली व्हती, कोळ्याची जाळी, उंदराच्या लेंड्या. धुऊन काढली, मंग तिला घातली. आन तू येऊन माझ्याच अंगावर.

सुवर्णा : बरं. धरा आता. मी मागचे पाय धरते, तुम्ही छातीखालून हात घाला. पोटाला हात नको. हळू… अशी. ठेवा खाली. बस गं बाई, बस. बनियन द्या ते.

भागुबाई : हे घे. पायाला दोन भोकं काढलीत म्हणून, नायतर चांगलं व्हतं की हे. कुणाचं हाय?

सुवर्णा : तुमच्या लेकाचं.

भागुबाई : त्याला म्हाईत हाय?

कुंदन : काय माहीत हे? काय चाललंय दोघींचं? ए सुवर्णा, साखळी कुठं ठेवली झिपरीची?

सुवर्णा : कशाला?

कुंदन : आबा बोलावतायत तिला. बांधावर बांधायची आजपासून. काल रात्री शेजारी देवरामच्या मळ्यात कोणीतरी घुसलं, चांगली दोन-तीन कॅरेटं फुलं खुडून नेली. आज आपला नंबर लागणार. अरे, हे बनियन माझं हे ना?

सुवर्णा : होतं.

कुंदन : चांगलं नवीन बनियन होतं, यार!

सुवर्णा : तीन पावसाळे झाले त्याला. आणि साखळी मिळायची नाही. झिपरी बांधावर जाणार नाही.

कुंदन : हे बघ, डोकं नको खाऊ. सीझनचा टाईम हे. पळायला थोडीच लावतोय तिला? नुसती बांधून ठेवायची. भुंकली तरी बास झालं, चोर पुढं येत नाय.

सुवर्णा : भुंकायला जोर कुठून लागतो? पोटातूनच ना? आणि चोर बघितल्यावर ती काय बसून भुंकेल? साखळीला हिसके देईल. टाके सुकेपर्यंत उडी नाही, पळणं नाही, दोरी धरून अंगणात न्यायचं आणि परत आणायचं. एवढंच करायचं आहे आपल्याला, काही मोठं काम नाही. कुत्रीला गप पडू द्यायचं. एवढं एक काम या घराला जमेना!

कुंदन : मला नको सांगू, आबांना सांग.

सुवर्णा : ते माझ्याशी बोलतात का? माघापासून एक शब्द बोलले का? चहाचा कप ठेवला तरी मान फिरवतात. मी काय सांगू त्यांना?

कुंदन : मग ऐक ते काय म्हणतायत. राखण करायची नसंल तर पोसायची कशाला, असं म्हणतायत. गोणीत घालायची आन सायखेड्याच्या पुलापलीकडं सोडून यायची.

सुवर्णा : सायखेड्याच्या.

कुंदन : हां. का?

सुवर्णा : सगळा जिल्हा पडलाय, कुत्री सोडायला माझंच माहेर सापडलं त्यांना?

कुंदन : तू कुठली गोष्ट कुठं नेतीस! पूल हे म्हणून म्हणले असतील.

सुवर्णा : होळकर पूलही आहेच की शहरात. मला कळत नाही होय? कुत्रीला म्हणायचं आणि सुनेनं ऐकायचं.

भागुबाई : हळू. तिनं कान टवकारले.

सुवर्णा : नीज गं. नीज. माणसं अशीच असतात. नीज.

कुंदन : हे बघ, मुळात सगळं तुझ्यामुळंच हे. कुत्री माजावर आली तेव्हाच सोडून द्यायची होती. गावातली सगळी कुत्री वाफ्यात नाचून गेली, अख्खा कोपरा झोपला झेंडूचा. आबा गोणी घेऊन उभे होते. तूच मध्ये पडली. ऑपरेशन करू, ऑपरेशन करू. आता ऑपरेशन केलं, तर निस्तर तू.

सुवर्णा : मी एकटीनं केलं?

कुंदन : मग काय मी केलं?

सुवर्णा : टेम्पो कुणी चालवला? फुलं मार्केटला उतरवली आणि तिथून झिपरीला दवाखान्यात कुणी नेलं? मांडीवर घेऊन कोण बसलं होतं? डॉक्टरीणबाईंनी विचारलं तर कोण म्हणालं, हो मॅडम, करून टाका, कटकट मिटंल?

कुंदन : ते… ते तू म्हणत होती म्हणून.

सुवर्णा : आणि आबांना काय सांगितलं?

कुंदन : काय सांगणार?

सुवर्णा : माझ्याकडं बघून सांगा.

कुंदन : सांगितलं, सुवर्णाच्या डोक्यातलं खूळ हे. मला काय माहीत नाय. मिटवायला सांगितलं, बाकी काय नाय. आबांचा आवाज चढला होता.

सुवर्णा : पुन्हा?

भागुबाई : पुन्हा म्हंजी?

कुंदन : काय नाय, आई. तू तुझं काम कर.

भागुबाई : मी माझंच काम करती. पुन्हा म्हंजी काय, सुवर्णे?

सुवर्णा : काही नाही, आत्या. जाऊ द्या.

भागुबाई : ऐक, ऐक. शीळ घातली त्यांनी. बांधावरून.

सुवर्णा : धरा तिला! धरा! आत्या, खांद्याला धरा. उठतेय ती. बस! झिपरे, बस! नाही जायचं आपल्याला. बघा कशी थरथरतेय. एवढीशी होती तेव्हापासून त्या शिळेवर पळत जाते. पोटात टाके आहेत हे तिला कुठं कळतंय? शीळ आली की निघाली.

कुंदन : बघ, उठतेय की. चांगली दणदणीत हे. चल गं झिपरे, ये.

सुवर्णा : हात लावू नका.

कुंदन : अरे, काय होत नाय जनावराला! माणसाला होत नाय काही. तू नाय का आलीस ऑपरेशननंतर फुलं तोडायला? आठवडासुद्धा झाला नव्हता. लग्नतिथी होती, शेवंती तोडायची होती. वाकून वाकून तोडली दिवसभर. मेलीस का? धडधाकट उभी हेस की माझ्यासमोर, बनियन फाडायला.

भागुबाई : कुंदन.

कुंदन : काय कुंदन? खोटं हे का?

सुवर्णा : नाही. खोटं नाही. आले होते. पदर खोचून आले होते आणि पदराखाली हात दाबून तोडत होते. टाका पिकला. लुगड्याला चिकटायचा. रात्री पाणी लावून सोडवायची मी, तुम्ही घोरत होता. धाकटी रोशनी अंगावर पीत होती, तिचा पाय लागला की डोळ्यांपुढं अंधारी यायची. कुणी शीळ घातली नव्हती मला. नुसतं अंगणात टोपल्या आपटल्या आबांनी, आणि मी उठले. हिच्यासारखीच उठले.

कुंदन : तेव्हा बोलायचं होतं.

सुवर्णा : कुणाशी?

भागुबाई : हे बघ सुवर्णे, आता निघालंच हाय तर बोलते. तुला शेक दिला नाय, बाज काढली नाय, ते मला ठाऊक हाय. पण तू तरी काय केलंस? दोन पोरींवर जाऊन ऑपरेशन करून आली. घरात सासू हाय, सासरा हाय, नवरा हाय, कुणाला इचारलं? आपल्या मनानं गेली आन आपल्या मनानं आली. ह्यांनी तव्हा दोन दिवस अन्नाला शिवलं नाय. वंश बंद केला म्हणत व्हते. मी पण चिडले. म्हणलं, न इचारता गेली, तर न इचारता उठंल.

सुवर्णा : तुम्हालाही तेच वाटतं अजून?

भागुबाई : तेच म्हंजी?

सुवर्णा : की मी आपल्या मनानं गेले.

भागुबाई : मंग?

कुंदन : आई, शीळ झाली पुन्हा. आबा चिडतील. सुवर्णा, साखळी दे, मी जातो.

सुवर्णा : थांबा. कुठं जाता? ऑपरेशनच्या शिबिराला मला कुणी नेलं?

कुंदन : जुनं कशाला उकरतेस?

सुवर्णा : मी सायकल चालवत गेले होते का? रोशनीला शेजारच्या कलाबाईकडं ठेवलं, तुमच्या गाडीवर मागं बसले. बाहेर बाकावर कोण बसलं होतं भेळ खात? आणि त्याच्या आधी, रोशनीच्या वेळी? रक्त थांबत नव्हतं माझं. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, तिसरं झालं तर बाई हाताला लागायची नाही. कोण रडलं होतं तेव्हा? बोला ना. जिन्याखाली उभं राहून हुंदके देऊन कोण रडलं होतं? म्हणाले, सुवर्णा, मला पोरगं नको, तू पायजेस. करून टाक. मी आबांचं बघतो.

भागुबाई : कुंदन? तोंड वर कर. खरं हाय का हे?

कुंदन : आई, तुला आबा माहीत हेत. नातू, नातू करून डोकं फिरवलं होतं त्यांनी. मी सांगणारच होतो. टाईम बघत होतो. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, तुला माहीत होतं का, म्हणून. काठी होती हातात. निघून गेलं तोंडातून.

भागुबाई : काय निघून गेलं?

कुंदन : मला विचारलं नाय तिनं, म्हणलो.

भागुबाई : आन मंग माघ गेला, फागुन गेला, पाडवा झाला, आखाजी झाली, पोळा झाला. एवढ्यात तुझ्या तोंडात परत काय आलंच नाय?

कुंदन : मिटलं होतं ना सगळं.

भागुबाई : मिटलं? तुझ्यापुरतं मिटलं आसंल. मी ह्या पोरीला माघापासून ताटात वाढताना भाकरी वरून टाकतीय. वरून! कुत्र्याला टाकतात तशी. तिच्या आईनं इचारायला माणूस धाडला, तर मी उंबऱ्यातून त्याला पाणी न देता परत लावला. पाण्याबिगर! टाका पिकला तव्हा वास येत व्हता मला. मी आंगणात झाडीत व्हते, वास येत व्हता, आन मी म्हणलं, भोग. माझ्या तोंडानं म्हणलं मी. तुझ्यापायी!

कुंदन : हळू, आई. झिपरी…

भागुबाई : आता झिपरी आठवली व्हय रे तुला!

सुवर्णा : आत्या, हळू. खरंच हळू. ती उठतेय. तुमच्याकडं बघतेय.

भागुबाई : बघू दे. …नीज गं माय. तुला नाय बोलले. तुझा काय दोष. नीज.

कुंदन : परत शीळ झाली. मी जाऊन सांगतो, कुत्री आजारी हे म्हणून.

भागुबाई : कुणाच्या डोक्यातल्या खुळानं आजारी हाय म्हणून सांगशील?

कुंदन : आई, प्लीज.

भागुबाई : थांब तू हितंच. सुवर्णे, कान झाक तिचे. दोन्ही कान. मी अंगणाच्या टोकाला जाऊन येते.

सुवर्णा : कुठं चाललात?

भागुबाई : वरडायला.

कुंदन : आई! आई, अगं… ही काय करतेय?

भागुबाई : अवो! ऐकलं का! ओ बांधावरचे! शीळ बंद करा! झिपरी येणार नाय! टाके सुकंस्तोवर येणार नाय! राखणीला तुमचा ल्योक येतोय, त्याला बांधा! आन त्याला तुम्हाला कायतरी सांगायचंय! माघातलं! नीट बसून ऐका, काठी बाजूला ठेवून!

कुंदन : वाट लागली. सगळ्या मळ्यानं ऐकलं. तोडणीच्या बाया उभ्या राहिल्यात बघ, टोपल्या खाली ठेवून.

सुवर्णा : माझ्या वेळी टोपल्या आपटल्या होत्या, तेव्हाही त्यांनी ऐकलं होतं.

भागुबाई : झालं. झोपली का उठली?

सुवर्णा : डोळे मिटलेत. कान दाबून धरलेत मी. आबा काय म्हणाले?

भागुबाई : काय म्हणत्यात. तोंडातली बोटं तोंडातच राहिली. लगीन झाल्यापासून माझा आवाज कुठं ऐकलाय त्यांनी. आधी इकडं तिकडं बघितलं, कोण बाई वरडती म्हणून.

कुंदन : मी काय सांगू त्यांना, आई?

भागुबाई : जे झालं ते.

कुंदन : मारतील मला.

भागुबाई : मारू दे. टाके पडले तर शेगडी पेटवून देते.

कुंदन : तू पण तिच्याच बाजूनं.

भागुबाई : बाजू कसली रे? तू मला एक बाजू दाखवली, मी ती धरून बसले. आता दुसरी दिसली. जा. बॅटरी घे. घोंगडी घे. रातभर बस बांधावर, भुंकायचं असलं तर भुंक, तुझ्या पोटाला काय टाके नायत.

कुंदन : सुवर्णा, तू तरी सांग हिला. उद्या सांगतो म्हणावं. दसरा झाल्यावर सांगतो.

सुवर्णा : चप्पल घाला. बांधाला काटे आहेत.

कुंदन : म्हणजे जाऊच?

सुवर्णा : आणि जाताना फाटक आपटू नका. आत्ताच डोळा लागलाय तिचा.

भागुबाई : गेला का?

सुवर्णा : गेले. फाटकाशी थांबलेत.

भागुबाई : आता?

सुवर्णा : चालले. पाय ओढत चाललेत, पण चालले. आबा बांधावरून खाली उतरलेत.

भागुबाई : काठी?

सुवर्णा : दिसत नाही इथून. अंधारून येतंय.

भागुबाई : बघू नको मंग. ये, बस. ती हळद कशी काढायची सांग मला. मी घातलीय, मी काढते.

सुवर्णा : चोळायची नाही. कोरड्या फडक्यानं नुसतं टिपायचं. कडेकडेनं. टाक्याला धक्का नको… हां, असं. सकाळी दाखवून आणते डॉक्टरीणबाईंना. एक टाका सैल वाटतोय.

भागुबाई : मी येते संगट. माझ्यामुळं झालं म्हणून सांगते तिला.

सुवर्णा : ओरडेल ती तुम्हाला.

भागुबाई : वरडू दे. मी पण कमी नाय, आजच कळलंय मला. …चाटती का गं ही अजून?

सुवर्णा : नाही, बनियन नीट बसलंय. कॅरेट सरकवा जरा. हं. आता कुठं शांत पडलीय.

भागुबाई : पोरी कुठं हायेत?

सुवर्णा : कलाबाईकडं. रूपाली म्हणत होती, झिपरीजवळ पुस्तक वाचत बसते. नको म्हटलं, तुला बघून नाचायला लागेल ती.

भागुबाई : सुवर्णे.

सुवर्णा : हं.

भागुबाई : तुझा टाका दुखतो का अजून?

सुवर्णा : रोज नाही.

भागुबाई : कव्हा?

सुवर्णा : झेंडू तोडताना. लय वेळ वाकलं की. आत काहीतरी ओढल्यासारखं होतं.

भागुबाई : उद्या वाकू नको. दसऱ्यापर्यंत वाकू नको. बाया हायेत, मी हाय.

सुवर्णा : आणि आबा?

भागुबाई : त्यांना वाकायला लावते. …ह्या शेगडीचं काय करू? निखारे जिवंत हायेत अजून. कुत्रीला चालत नाय म्हणतीस.

सुवर्णा : विझवा. नाहीतर चुलीत टाका.

भागुबाई : बाज मोकळी झाली. धुतलेली हाय.

सुवर्णा : राहू द्या ना, आत्या. भाकरी टाकायच्यात.

भागुबाई : भाकरी मी टाकते. ये हिकडं. पदर सोड खोचलेला. पड.

सुवर्णा : आता दसरा आला, आत्या. आता शेकून काय होणार?

भागुबाई : काय नाय व्हायचं. तू पड.